स्लाइड-आउट दर वेळी आत घेताना अडते, किंचाळते : वंगण घालण्याआधी काय तपासायचं

सलग दोन हंगाम आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) स्लाइड-आउटने, म्हणजे मुक्कामाला भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या छोट्या खोलीने, एकच त्रास पुन्हा पुन्हा दिला. बाहेर जाताना निमूट जायची. आत घेताना मात्र अर्ध्यावर आली की करकरायला लागायची, शेवटच्या वीतभर अंतरात किंचाळायची आणि चार बोटं उरली की थांबायची. बटण सोडून परत दाबलं की इंचभर सरकायची, पुन्हा थांबायची. मी दर वेळी खाली वाकून रुळांवर स्प्रे मारायचो. करकर कमी व्हायची, स्लाइड आत यायची, दोन मुक्काम बरे जायचे आणि तिसऱ्या मुक्कामाला पुन्हा तेच.

स्प्रे मारल्यावर बरं वाटतंय म्हणजे वंगणच कमी पडत असणार, असं मी धरून चाललो होतो. ते साफ चुकीचं होतं. शेवटी एक अख्खा दिवस ट्रेलरखाली घालवला तेव्हा तीन कारणं सापडली, आणि त्यांतलं एकही वंगणाच्या कमतरतेचं नव्हतं. उलट माझ्या स्प्रेमुळे त्यातलं एक दर वेळी थोडं वाढत होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात तसा प्रकार. ज्यांची स्लाइड अशीच तात्पुरती बरी होते आणि पुन्हा अडते, त्यांच्यासाठी हा तपास ज्या क्रमाने करायला हवा होता त्या क्रमाने लिहितो.

आधी तुमची यंत्रणा कोणती ते ओळखा

हे आधी सांगतो, कारण एका यंत्रणेला चालणारं वंगण दुसरीला घातक ठरतं.

ट्रेलरखाली डोकावल्यावर स्लाइडच्या खालून चासीत (ट्रेलरच्या पोलादी सांगाड्यात) शिरणारे दोन जाड चौकोनी पोलादी नळे दिसले आणि त्यांना दाते असले, तर ती रॅक-पिनियन यंत्रणा. १२ व्होल्टची एक मोटर एक आडवा दांडा फिरवते. दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे गिअर, म्हणजे पिनियन. ते दातेरी पट्टीवर फिरले की नळे पुढे-मागे सरकतात आणि त्यांच्याबरोबर खोली. आमची हीच आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं तिच्या अनुभवातून आलेलं आहे.

खाली नळे नाहीत, पण स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वर एक आणि खाली एक अशा ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसतात, तर ती भिंतीतली यंत्रणा. हिला प्रत्येक बाजूला स्वतंत्र मोटर असते आणि दोघींना एका चालीत ठेवायचं काम कंट्रोलर करतो. कोपऱ्यांजवळ बारीक पोलादी केबल आणि पुल्या दिसल्या तर केबलवर चालणारी. पंपाचा गुणगुणाट ऐकू येत असेल आणि कुठेतरी तेलाची टाकी असेल तर हायड्रॉलिक.

मॅन्युअल हाताशी ठेवा. सापडत नसेल तर मोटरवरची किंवा कंट्रोलरवरची पट्टी वाचून यंत्रणेच्या उत्पादकाचं मॅन्युअल मिळवा. ट्रेलर बनवणारा आणि स्लाइडची यंत्रणा बनवणारा बहुधा वेगवेगळे असतात, आणि वंगणाबद्दलचा नेमका सल्ला दुसऱ्याच्या पुस्तकात असतो.

बटण दुसऱ्याच्या हातात द्या

दोन हंगाम मला कारण दिसलं नाही याचं एक साधं कारण असं, की बटण दाबायला मीच आत उभा असायचो. बाहेरून स्लाइड आत येताना कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी बटण मी धरलं आणि मुलगी बाहेर, स्लाइडपासून चार हात लांब उभी राहिली. पहिल्याच फेरीत ती ओरडली, "बाबा, थांबा! मागची बाजू मागेच राहतेय."

टेप घेऊन बाहेर आलो. स्लाइडच्या बाहेरच्या चौकटीची आतली कड आणि ट्रेलरची भिंत यांच्यातलं अंतर पुढच्या कोपऱ्यात ९८ मिलिमीटर आणि मागच्या कोपऱ्यात १११. म्हणजे खोली तिरपी होऊन आत येत होती. ओढताना एका बाजूने अडकलेलं ड्रॉवर जसं आवळतं, अगदी तसं.

इथे पाना उचलून मागच्या नळाचा जुळवणीचा नट फिरवायचा मोह होतो. कृपा करून फिरवू नका. तिरपेपणा हा परिणाम आहे की कारण, हे अजून ठरलेलं नसतं. आकडे फक्त वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

सुरक्षिततेचं इथेच सांगून टाकतो. स्लाइड हलत असताना तिच्या वाटेत, खाली किंवा दात्यांजवळ कुणाचाही हात नको, लहान मुलं आणि पाळीव प्राणी आत नकोत. खाली शिरून काम करायचं असेल तर चाकांना अडसर लावा, ट्रेलर स्टँडवर पक्का टेकलेला असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. कुणीतरी चुकून बटण दाबतं आणि दात्यांत बोटं जातात. स्लाइडला बोट आणि काडी यातला फरक कळत नाही.

ट्रेलर सपाट आहे का, वाटेत काही आहे का

हे पटकन उरकतं, पण वगळायचं नाही. ट्रेलर आडव्या अंगाने कलता असेल तर स्लाइडला चढ चढून आत यावं लागतं. चासीला पीळ बसला असेल तर स्लाइडसाठीचं भिंतीतलं भोक काटकोनी राहत नाही. कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर डोलणं थांबवण्यासाठी असतात, ट्रेलर उचलायला नाही. ते जोर लावून कसले की नेमका हाच पीळ पडतो. आधी चाकांखाली फळ्या देऊन आडवी पातळी साधायची, मग पुढच्या जॅकने उभी, आणि मग स्टॅबिलायझर हलके टेकवायचे. स्लाइड त्याच्या आधी काढायची की नंतर, याबाबत उत्पादकांच्या सूचना सारख्या नसतात. मॅन्युअल सांगेल ते खरं.

प्रवासात स्लाइडला लावायचे आडवे दांडे तुमच्याकडे असतील तर ते काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आत घेताना छपरावर एकदा शिडी लावून बघायचं, कारण वाळकी पानं, काटक्या, साचलेलं पाणी हे सगळं स्लाइडबरोबर सीलखालून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीखालून, आत ओढलं जातं. एकच काटकी रबरात रुतली तरी ती प्रत्येक फेरीला ओरखडा काढत राहते. आत, सोफ्याखाली सरकलेली चप्पलसुद्धा मोटर थांबवायला पुरते.

मोटरला खरंच पुरेसं व्होल्टेज मिळतंय का

हा भाग तपासायचं मला फार उशिरा सुचलं. तो आधी तपासायला हवा होता.

बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असली की विश्रांतीत एवढंच दिसतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण विश्रांतीतला आकडा स्लाइडबद्दल काही सांगत नाही. स्लाइड चालू असताना मोजायला हवं, आणि मोटरच्या दोन टोकांवर मोजायला हवं.

मुलीने बटण धरलं, मी हात दात्यांपासून दूर ठेवून लांब वायरींच्या टोकांनी मोजलं. बॅटरीवर ११.९. मोटरवर १०.१. म्हणजे जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच गळत होते. कुठे, ते शोधायची पद्धत सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या निगेटिव्हवर, आणि स्लाइड चालवायची. जोडणी चांगली असेल तर मीटर अगदी थोडं दाखवतो. माझ्याकडे १.४ व्होल्ट दिसले. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूने मोजलं तर ०.४.

दोष निगेटिव्हच्या वाटेत होता. स्लाइडच्या स्विचकडून येणारी काळी वायर एका बोल्टने चासीला जोडलेली होती, आणि तो बोल्ट चाकाच्या मागच्या बाजूला, जिथे रस्त्यावरचा चिखल आणि पाणी थेट उडतं तिथे. बाहेरून घट्ट दिसत होता. उघडल्यावर वायरच्या टोकाच्या कडीवर पांढरट-हिरवी भुकटी, खाली चासीवर पापुद्र्याचा गंज, आणि गंजाखाली कारखान्यातला रंग तसाच. धातूला धातू नीट लागलेलाच नव्हता.

असा गंज किती रोध करतो याचा हिशेब करून बघा. रोध ओहमच्या दहाव्या हिश्शाइतका असला तरी २० अँपिअर करंट जाताना २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. छोट्या दिव्याला हा रोध जाणवत नाही, कारण दिवा करंटच थोडा घेतो. म्हणून ट्रेलरमधले दिवे लख्ख लागतात आणि स्लाइड मात्र रडते, आणि आपल्याला वाटतं विजेचं सगळं ठीक आहे. व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर आणि वेग दोन्ही घटतात. ओझं वाढलं की ती जागीच गुणगुणत थांबते, आणि थांबलेली मोटर तापते. मग सर्किट ब्रेकर करंट तोडतो आणि थंड झाल्यावर आपोआप जोडतो. "थोडं थांबून दाबलं की चालते" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

बॅटरी तोडून बोल्ट काढला, तारेच्या ब्रशने चासीची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, नवी कडी लावली, दात्यांच्या वॉशरसकट कसला, आणि वरून गंजरोधक रंग दिला. पुन्हा मोजलं तेव्हा निगेटिव्हची गळती ०.२ व्होल्ट आणि मोटरवर ११.३. स्लाइडची चाल कानालाच वेगळी ऐकू आली. तरीही ती करकरत होतीच आणि तिरपी येतच होती.

ज्यांना मीटर वापरता येत नाही त्यांनी निदान एवढं करावं : बॅटरी पूर्ण भरून घ्यावी किंवा ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडून चार्जर चालू असताना स्लाइड हलवावी. फरक ठळक जाणवला तर संशय विजेवर धरा.

जुन्या ग्रीसचा चिखल

मागच्या नळाच्या दात्यांत बोट घातलं तर काळा, चिकट लगदा निघाला. अंगठा आणि तर्जनीत चोळला तेव्हा त्यात रेतीचे कण टोचले. पांढऱ्या फडक्यावर पसरला तर उन्हात बारीक चमचम दिसली. ती पोलादाची कीस होती. म्हणजे दाते झिजत होते, आणि तेही आपणच लावलेल्या वंगणात.

झालं होतं ते असं. आम्ही ट्रेलर घेतला त्याआधी कुणीतरी दात्यांवर जाड ग्रीस थापलं होतं. उघड्यावरचं ग्रीस म्हणजे धूळ पकडायचा सापळा. मागचा नळ बरोबर चाकाच्या पाठीमागे येतो, म्हणून पुढच्या नळापेक्षा त्याच्यावर कितीतरी जास्त धूळ बसली होती. त्यावर मी दर वेळी पातळ स्प्रे मारायचो. स्प्रेने लगदा तात्पुरता सैल व्हायचा, स्लाइड सरकायची, मग स्प्रेतला उडून जाणारा भाग उडायचा आणि उरलेलं तेल नवी धूळ ओढून घ्यायचं. दर खेपेला लगदा थोडा जाड आणि थोडा जास्त खरखरीत. दोन मुक्काम बरे आणि तिसऱ्याला त्रास, याचा उलगडा इथे झाला.

गंज सोडवायला सगळेजण वापरतात त्या पातळ स्प्रेबद्दल एक शब्द. तो पाणी हटवायला आणि गंजलेला नट सैल करायला उत्तम आहे, माझ्या पेटीत कायम असतो. स्लाइडच्या दात्यांवर मात्र तो वंगण म्हणून टिकत नाही आणि आधीचं चांगलं वंगण धुऊन नेतो. त्याचा उपयोग साफसफाईपुरता.

सफाईला मला जवळजवळ तीन तास लागले. लाकडी चपट्या काडीने दात्यांच्या खाचांमधून लगदा खरवडला. स्क्रू-ड्रायव्हर वापरला नाही, त्याने दाते आणि रंग दोन्ही खरचटतात. मग नायलॉनचा ताठ ब्रश, मग मिनरल टर्पेंटाइनने ओलसर केलेलं फडकं. ओलसर म्हणजे ओलसरच, निथळणारं नाही. हे द्रावण रबरी सीलवर जाऊ द्यायचं नाही, ठिणगी-ज्योत जवळ नको, आणि फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवायची. स्लाइड थोडी आत घेतली की दात्यांचा नवा भाग समोर येतो, तो पुसायचा. पूर्ण लांबी होईपर्यंत हे असंच चालवायचं, आणि प्रत्येक सरकवणीनंतर बॅटरी तोडल्याशिवाय हात आत घालायचा नाही. शेवटी पिनियन आणि ज्यांवर स्लाइड टेकते ते रोलर. माझ्या मागच्या रोलरवर केसांचा आणि दोऱ्यांचा गुंडा अडकून तो फिरायचाच बंद झाला होता. फिरत नसलेला रोलर नळावर नुसता घासतो. त्याची एक बाजू सपाट झाली होती, तो बदलला.

दाते साफ झाल्यावर नीट बघून घ्या. टोकं गोलसर झाली असतील, एखादा दात मोडला असेल, नळाच्या जोडकामाला चीर दिसत असेल, तर तिथून पुढे तंत्रज्ञाचं काम.

रबर ओरडतंय की लोखंड?

लोखंडाचा आवाज आणि रबराचा आवाज ट्रेलरमध्ये बसून वेगळा ओळखता येत नाही. पातळ भिंती दोन्ही आवाज मोठे करतात. म्हणून एक सोपी चाचणी : सौम्य साबणाचं पाणी स्पंजने सीलच्या पूर्ण कडेला आणि स्लाइडच्या भिंतीला लावायचं, आणि ओलं असतानाच स्लाइड आत-बाहेर करायची. आवाज गेला किंवा निम्मा झाला तर तो रबराचा होता. रुळांवर कितीही काही फवारलं तरी तो जाणार नव्हता. रोलर बदलण्याआधी केलेल्या या चाचणीत आमचा किंचाळण्याचा आवाज पूर्ण गेला, खालची करकर तेवढी उरली. ती रोलरची निघाली.

स्लाइडला दोन तऱ्हेचं सील असतं. एक नळीसारखं फुगीर, स्लाइड पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत असताना दाबलं जाऊन फट बंद करणारं. दुसरं जिभेसारखं, चालताना भिंत पुसत जाणारं. स्लाइडची दिशा बदलली की जीभ उलटते. रबर मऊ असेल तर अलगद उलटते. कोरडं, कडक झालेलं असेल तर भिंतीला चिकटून ओढली जाते, आणि कोपऱ्यात दुमडून अडकते. आमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात ती अशीच दुमडून राहिली होती. जीभ सगळीकडे एकाच दिशेला पडलेली हवी, दुमडलेल्या जागेतून पाणीही आत शिरतं. हात फिरवून हे आंधळ्यालाही कळेल, फक्त फिरवायला हवा.

ही सीलं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ऊन आणि ओझोन हे रबर चांगलं सोसतं, पण पेट्रोलियमच्या तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून त्यावर इंजिन ऑइल नको, ग्रीस नको, पेट्रोलियम जेली नको. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग रबराच्या सीलसाठीचं खास कंडिशनर फडक्यावर घेऊन चोळा, दोन्ही अंगांनी. जिभेची मागची बाजू सगळे विसरतात, खरं घर्षण तिथेच होतं. भिंतीचा पुसला जाणारा पट्टाही धुवायचा. त्यावर वाळलेल्या धुळीचा थर असला तर सील म्हणजे पॉलिशकागद होतो.

सील पूर्ण दाबलं जातंय का हे पाहायला कागदाची पट्टी पुरते. स्लाइड बंद असताना सीलखाली पट्टी अडकवून ओढायची. हलका विरोध जाणवायला हवा. सहज निसटली तर तिथे फट आहे.

आता मोजा, आणि मग वंगण

दाते साफ, रोलर नवा, सील मऊ, वायर पक्की. आता पुन्हा तेच माप घेतलं : पुढे १०१, मागे १०३ मिलिमीटर. १३ मिलिमीटरचा तिरपेपणा २ वर आला, एकही नट न फिरवता. आधीच नट फिरवला असता तर अडकलेल्या बाजूला जोर लावून मी खोली वाकवून बसवली असती, आणि साफ केल्यावर ती उलट्या बाजूला तिरपी झाली असती.

सगळं करूनही फरक मोठा राहिला तर नळाच्या टोकाचे जुळवणीचे नट तपासावे लागतात. हात लावण्याआधी मार्करने नट आणि दांडा यांवर एक सरळ रेघ मारा, फोटो काढा, आणि एका वेळी थोडंच फिरवा. एक बाजू चालते आणि दुसरी अजिबात हलत नाही असं असेल तर काही यंत्रणांत आडव्या दांड्याच्या जोडावर मुद्दाम ठेवलेला कमकुवत बोल्ट तुटलेला असतो. ओझं वाढलं की गिअरऐवजी तो तुटावा अशीच त्याची योजना असते. त्याच्या जागी हाताशी असलेला कठीण बोल्ट घालू नका, पुढच्या वेळी तो टिकेल आणि गिअर जाईल.

वंगण आता, आणि तेही थोडंच. दात्यांवर आणि नळांवर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे. कोरडा म्हणजे लावल्यावर द्रावण उडून जातं आणि बोटाला न चिकटणारा पातळ थर उरतो. डबा चांगला हलवायचा, हातभर लांबीवर एक फवारा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, मग स्लाइड दोनदा पूर्ण आत-बाहेर करायची आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. वाहेपर्यंत मारणं म्हणजे पुन्हा धुळीला आमंत्रण. रोलरच्या आसाला एक फवारा पुरे. मोटरचा गिअरबॉक्स बहुतेक बंदिस्त असतो, त्याला उघडू नका.

भिंतीतल्या यंत्रणेला ग्रीस अजिबात नको. तिचे दाते पुसायचे, आवाज येत असेल तरच कोरड्या स्प्रेचा पुसटसा थर. तिच्या अडण्याचं कारण निराळं असतं : लोक बटण लवकर सोडतात. अर्ध्यावर थांबवून मागे-पुढे केलं की दोन मोटरींची चाल हळूहळू चुकते आणि खोली तिरपी होते. बटण मोटरी आपणहून बंद होईपर्यंत धरून ठेवायचं. चाल चुकलीच असेल तर पूर्ण बाहेर काढायची, इंच-दोन इंच आत घ्यायची, पुन्हा मोटरी थांबेपर्यंत बाहेर, आणि दोन्ही बाजू एकदम थांबेपर्यंत हे करत राहायचं.

केबलवाल्या यंत्रणेत केबलवर तेल चोपडू नका. तिथे बघायचं ते सुटलेले धागे आणि सैल पडलेली केबल. धागे सुटलेले दिसले तर ती स्लाइड हलवायचीच नाही. हायड्रॉलिकमध्ये तेलाची पातळी सगळ्या स्लाइड आत असताना बघतात. बाहेर असताना बघून टाकी भरली तर आत घेताना तेल ओतू जातं. सिलिंडरचा चकचकीत दांडा फक्त स्वच्छ फडक्याने पुसायचा.

निघायच्या दिवशी अडकली तर

बटण सतत दाबत राहू नका, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. चार्जर किंवा गाडीचं इंजिन चालू करून बॅटरीला आधार द्या. फ्यूज आणि ब्रेकर बघा. सील साबणाच्या पाण्याने भिजवा. तरीही नाही तर हाताने फिरवायची सोय वापरा. रॅक-पिनियनमध्ये आडव्या दांड्याचं टोक किंवा मोटरची मागची बाजू पान्याने फिरवता येते. काही मोटरींना ब्रेक असतो, तो आधी सोडावा लागतो. ही जागा कुठे आहे आणि कोणत्या मापाचा सॉकेट लागतो हे घरी, दिवसाउजेडी बघून ठेवा आणि तो सॉकेट ट्रेलरमध्येच ठेवा. जोराच्या ड्रिलने फिरवू नका, शेवट आला हे हाताला कळतं, ड्रिलला कळत नाही. खोली आत आल्यावर ब्रेक परत लावायला विसरू नका, नाहीतर रस्त्यात ती स्वतःहून बाहेर सरकू शकते.

आता मी काय करतो

प्रत्येक मुक्कामानंतर आत घेण्याआधी छप्पर झाडतो आणि मागचा नळ कोरड्या फडक्याने पुसतो. दोन मिनिटांचं काम आहे. वापर चालू असताना दर दोन-तीन महिन्यांनी सील धुऊन कंडिशनर. कोरडा स्प्रे हंगामात एकदा, आणि तोही फडक्याने पुसून दाते स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच. मोटरवरचं व्होल्टेज वर्षातून एकदा. चाकामागे एक रबरी पडदा बसवला, म्हणजे नळ आणि तो बोल्ट दोन्ही थेट माऱ्यातून वाचले. बंद करून ठेवताना स्लाइड आतच ठेवतो.

वहीत मापं लिहिणं सुरूच आहे. त्यानंतरच्या नऊ मुक्कामांत स्लाइड एकदाही अडली नाही. फक्त मागच्या कोपऱ्याचा आकडा गेल्या खेपेला १०३ चा १०४ झाला, पुढचा १०१ वरच आहे. मिलिमीटरभराचाच फरक आहे, पण पुढच्या वेळी निघण्याआधी मागचा रोलर हाताने फिरवून बघणार आहे.